सव्वासहाची आंघोळ

मेट्रन: आणि हे दहा तारखेचं. वाचते. "मास्तरांनी आंघोळीस नकार दिला. हातातला पाण्याचा मग फेकला. तो दारावर आपटला. इजा कोणाला नाही."

लेक: मग प्लास्टिकचा ना?

मेट्रन: प्लास्टिकचाच असतो वृद्धाश्रमात. पण फेकला तर रजिस्टरमध्ये ते "आक्रमक वर्तन" या रकान्यात जातं. रकाना मी केलेला नाही, ताई.

लेक: माझ्या बाबांनी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. पोहायला शिकवायचे ते. शहराच्या तलावावर चाळीस वर्षं. पाण्याला घाबरून त्यांना बोचकारणारी पोरं असायची, चावायचीसुद्धा. तरी नाही.

मेट्रन: मला माहीत आहे. इथेही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जेवणघरात सगळ्यांना श्वासाचे व्यायाम सुरू करून दिले होते. माणूस लाख आहे. पण एकोणीस दिवस आंघोळ नाही, हेही खरं आहे.

लेक: एकोणीस? मला फोनवर म्हणाले, सर्दी झालीय म्हणून दोन दिवस घेतली नाही.

मेट्रन: पहिले दोन दिवस सर्दी. मग गुडघा. मग पाणी गार आहे. पाणी गरम आहे. मग काहीच कारण नाही, नुसतं नाही. मग तो मग. शेजारच्या कॉटवरचे टायपिस्ट काका तक्रार करून गेले, वासाची. फार सभ्य शब्दांत केली, पण केली.

लेक: तुम्ही विचारलंत का बाबांना, काय झालं ते?

मेट्रन: रोज. तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. हा कागद त्याआधी सही करून लागेल.

लेक: "निवासी व्यक्तीस वरच्या मजल्यावर हलवण्यास संमती." वरचा मजला म्हणजे... जिथे दाराला आकड्यांचं कुलूप आहे?

मेट्रन: हो. तिथे कॉटवरच अंग पुसून घेतात. दोन जणी धरतात, तिसरी पुसते.

लेक: तिथे बाग नाही.

मेट्रन: खिडक्या मोठ्या आहेत.

लेक: मॅडम, बाबांचं डोकं शाबूत आहे. माझ्यापेक्षा शाबूत आहे. स्वयंपाकघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात, घरात बघायला कोणी नाही, म्हणून सात महिन्यांपूर्वी इथे आणलं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, वरचा मजला ज्यांना काही उमजत नाही त्यांच्यासाठी.

मेट्रन: आणि जे मदत करू देत नाहीत, त्यांच्यासाठी. ताई, मी वाईट बाई नाही. सकाळी माझ्या हाताखाली दोन माणसं असतात. बायकांकडे एक मावशी, पुरुषांकडे एक मामा. एकतीस आंघोळी. आठ वाजता नाश्ता. पाचला सुरू केलं तर कसंबसं बसतं. त्यातला एक जण रोज पंधरा मिनिटं वाद घालायला लागला की शेवटच्या दोघांचा चहा गार होतो. मग त्या दोघांच्या मुली येतात, तुमच्यासारख्याच. या खुर्चीत बसतात.

लेक: सही आत्ता नाही करणार मी.

मेट्रन: नका करू. आधी बोलून बघा. बागेत बसलेत, बाकावर. जवळ बसलात तर वास येईल. चेहऱ्यावर दाखवू नका, त्यांना लगेच कळतं.

(बाग. बाकावर मास्तर, बाजूला त्यांचा वॉकर. दुपारचे दोन.)

मास्तर: दुकानाला कुलूप लावून आलीस? आज सुट्टी नाही.

लेक: लावलं कुलूप. लोक एक दिवस धूसर बघतील, काही बिघडत नाही.

मास्तर: मेट्रननं बोलावलं.

लेक: हो.

मास्तर: वरच्या मजल्याचा कागद दाखवला.

लेक: तुम्हाला कसं माहीत?

मास्तर: इथं भिंती पातळ आहेत आणि कामं कमी. सगळ्यांना सगळं माहीत असतं. कर सही.

लेक: काय?

मास्तर: कर म्हणतो. वर खिडक्या मोठ्या आहेत.

लेक: बाबा, तुम्ही तिथे आठ दिवसांत खचाल. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. त्या दिवशी चुकून मी तिथे गेले होते, एक बाई माझा पदर धरून "बस आली का" एवढंच विचारत होती.

मास्तर: मग सांगायचं, येतेय.

लेक: चेष्टा नको. एकोणीस दिवस आंघोळ नाही म्हणजे काय! तुम्ही! ज्या माणसानं मला ताप उतरल्या दिवशी पाण्यात टाकलं तो!

मास्तर: टाकलं नाही. उतरवलं. फरक आहे.

लेक: बरं, उतरवलं. मग आता काय झालं? पाणी नको झालं?

मास्तर: पाण्यानं माझं काय घोडं मारलंय? नळ सोडून रोज नॅपकिननं पुसतो मी अंग. जितका हात पोचतो तितकं. पाठ राहते.

लेक: मग मामांना का येऊ देत नाही? मामा वाईट वागले का?

मास्तर: नाही.

लेक: मारलं?

मास्तर: वेडी आहेस का? बिचारा सरळ माणूस आहे. दोन शिफ्ट करतो. उभ्या उभ्या डुलक्या घेतो.

लेक: मग काय, बाबा? मी इथून हलणार नाही. तुमचीच मुलगी आहे, दम मोठा आहे माझा.

मास्तर: तुझा दम कधीच मोठा नव्हता. अर्ध्या तलावात वर यायचीस.

लेक: बाबा.

मास्तर: मेट्रनला सांगणार नसशील तर सांगतो.

लेक: का? तिला का नाही?

मास्तर: गेल्या महिन्यात एकाला काढलं. बाथरूममध्ये माणूस एकटा सोडला म्हणून. तसा नियम आहे, पट्टा लावलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. मामाला दोन लहान मुली आहेत. शब्द दे.

लेक: दिला.

मास्तर: आंघोळीची खुर्ची असते. चाकांची. मधे भोक, कमरेला पट्टा. पडू नये म्हणून. सकाळी सव्वासहाला माझा नंबर. मामानं साबण लावला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, मामा, मामा म्हणून. हा तसाच पळाला. दार उघडं.

लेक: आणि तुम्ही?

मास्तर: मी खुर्चीत. पट्ट्याचा खटका पाठीमागं असतो.

लेक: अंगावर काही...

मास्तर: साबण.

लेक: टॉवेल?

मास्तर: खुंटीवर. दिसत होता.

लेक: किती वेळ?

मास्तर: सोळा मिनिटं. समोर पॅसेजमध्ये घड्याळ आहे. मोठं, म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून.

लेक: हाक का नाही मारलीत?

मास्तर: हाक मारली असती तर माणसं आली असती.

लेक: म्हणजे कोणीच आलं नाही?

मास्तर: तशीही आलीच. जेवणघराकडे काहीतरी पळापळ चालली होती. माणसं तिकडं जात होती, जाता जाता इकडं बघत होती. काही बघून न बघितल्यासारखं करत होती, ते जास्त वाईट. मग पावाचे क्रेट घेऊन तो रोजचा माणूस आला. त्यानं क्रेट खाली ठेवले आणि मला नमस्कार केला. म्हणाला, "काय आजोबा, आंघोळ का?"

लेक: तुम्ही काय केलंत?

मास्तर: मीही नमस्कार केला. साबणाच्या हातानं. दुसरं काय करणार?

लेक: बाबा, चाळीस वर्षं तुम्ही अख्ख्या शहरासमोर चड्डीवर...

मास्तर: चड्डीवर. आणि उभा. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी "बाहेर" म्हटलं की दोनशे माणसं पाण्याबाहेर यायची.

लेक: मी तसं नव्हतं म्हणायचं.

मास्तर: मला कळलं तुला काय म्हणायचंय. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. की बाबा रे, उघड्या अंगाची तुला काय लाज. नाही पटलं.

लेक: आणि नंतर? मामा परत आले तेव्हा?

मास्तर: साबण वाळून कातडं ताणलं होतं. तो आला, मग बुडवला आणि ओतला. जिथं थांबला होता तिथूनच पुढं. टॉवेल, सदरा, पुढचा नंबर.

लेक: काही बोलले नाहीत?

मास्तर: मेट्रन येतेय. गप्प.

मेट्रन: बसू का? नाही, सरकू नका, मी कडेला बसते. मास्तर, मी विचार करत होते, तारखा मागे मोजत होते. एकोणीस दिवसांपूर्वी म्हणजे जेवणघरात एक आजी पडल्या, तो दिवस.

लेक: मी काही बोललेले नाही हं, बाबा.

मेट्रन: त्या नाही बोलल्या. तुम्ही दोघं माझ्याकडे असं बघताय की काही बोलायची गरजच उरली नाही. मी रजिस्टर पुन्हा काढलं. सहा सतराला आजी पडल्याची नोंद. सहा तेहतीसला ॲम्ब्युलन्स. त्यांना उचलून धरायला मामा होते. माझ्याच हस्ताक्षरात आहे. आणि पुरुषांच्या आंघोळीच्या तक्त्यावर सव्वासहाला तुमचं नाव आहे.

मास्तर: तक्ता चुकीचा असेल.

मेट्रन: तक्ता मी करते. मास्तर, तुम्हाला पट्टा लावला होता?

मास्तर: मला आठवत नाही. वय झालं.

मेट्रन: तुम्हाला टायपिस्ट काकांच्या तीन सुनांची नावं पाठ आहेत.

मास्तर: त्या माणसाला काढणार असाल तर मला काहीच आठवत नाही. वर न्या मला. सही माझी घ्या, हिची कशाला?

मेट्रन: मामांना हाक कोणी मारली, ते आठवतं का?

मास्तर: तेही नाही.

मेट्रन: मी मारली. तीनदा. माहीत होतं मला ते कुठे आहेत आणि त्यांच्या हातात कोण आहे. तरी ओरडले, आहात तसे या.

मास्तर: खणखणीत आवाज आहे तुमचा. तलावावर नोकरी मिळाली असती.

मेट्रन: आणि नंतर मी विचारलं नाही, की मामा, आतलं माणूस कोण बघतंय. ॲम्ब्युलन्स गेली, मी कागद भरत बसले.

मास्तर: त्या बाईंचं काय झालं?

मेट्रन: खुबा. तुमच्यासारखाच. परत आल्यात, वर असतात आता. बऱ्या आहेत.

मास्तर: मग मामानं बरोबर केलं. तुम्हीही. एक बुडत असेल तर काठावर बसलेल्याकडं कोणी बघत नाही, बघूही नये. मीही तेच केलं असतं.

लेक: मग इतका राग कसला, बाबा? एकोणीस दिवस?

मास्तर: राग नाही. कसं सांगू? मी नवख्याला शिकवायचो तेव्हा पोटाखाली हात असायचा माझा. तो हात काढायच्या आधी सांगायचो. "आता सोडतो." न सांगता सोडला असता तर पोरगं कदाचित लवकर शिकलंही असतं, बरेच मास्तर तसंच करायचे. मी नाही केलं कधी. सांगायचं आणि सोडायचं. आणि गटांगळी खाल्लीच तर वर काढल्यावर त्याच्याशी बोलायचं. त्याला खोकू द्यायचं, पाठ थोपटायची, मग पुन्हा पाण्यात. मामा आला आणि त्यानं पुढचा मग ओतला. म्हणजे मधली सोळा मिनिटं झालीच नाहीत. मला कळेना, झाली की नाही.

मेट्रन: त्यानं काय म्हणायला हवं होतं?

मास्तर: काही फार नाही. "मास्तर, उशीर झाला." एवढं पुरलं असतं.

मेट्रन: मास्तर, उशीर झाला.

मास्तर: हं.

मेट्रन: आज विचारायला यायलाही उशीरच झाला.

मास्तर: बरं, बरं. डोळे पुसू नका, नाहीतर ही माझी पोरगी सुरू होईल.

लेक: मी कुठे काय करतेय?

मेट्रन: मला नोंद करावी लागेल. घडलं ते लिहावं लागतं. हाक मारली त्या बाईचं नाव घालीन.

लेक: त्याचा तुम्हाला त्रास होईल का?

मेट्रन: ट्रस्टी विचारतील. एकतीस माणसांना दोन हात कसे पुरतात, हे मीही त्यांना विचारीन. दोन वर्षं विचारायचं राहून गेलंय.

मास्तर: आणि मामा?

मेट्रन: मामांना मी सांगेन काय झालं ते. ओरडणार नाही. सांगेन फक्त. त्यांना खरंच माहीत नसणार, मास्तर. त्यांच्या डोक्यात त्या आजीच असतील.

मास्तर: सांगा. पण क्रेटवाल्याचं सांगू नका. मामाला वाईट वाटेल.

मेट्रन: बरं. आता आंघोळीचं बोलू. आतून कडी लावून देता येणार नाही, ते आधीच सांगते. कोणी आत पडलं तर दार फोडावं लागेल.

लेक: अशी कडी मिळते, जी बाहेरून किल्लीनं उघडते. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीला आहे. मी उद्या आणून देते.

मेट्रन: भोक पाडायलासुद्धा परवानगी लागते इथे. महिना जाईल.

लेक: मग पडदा? पडद्याला कोणाची परवानगी?

मेट्रन: पडद्याला... नाही, पडद्याला माझीच. दाराच्या आत, खुर्चीच्या पुढे. तो आजच लावता येईल. वरच्या खोलीतले जुने पडदे पडून आहेत.

मास्तर: जाड लावा.

मेट्रन: फुलाफुलांचे आहेत.

मास्तर: फुलं चालतील. आणि पट्ट्याचा खटका पुढं घ्या. ज्याचे हात चालतात त्याचा तरी.

मेट्रन: ते बघावं लागेल. खुर्ची तशीच येते बनून.

मास्तर: पट्टा उलटा घातला की खटका पुढं येतो. मी रोज त्यात बसायचो, बघितलंय मी.

मेट्रन: उलटा... बरं, बघते करून.

मास्तर: आणि सव्वासहा नको. पाचला उठवून टॉवेल गुंडाळून माणसं पॅसेजमध्ये रांगेनं बसवता तुम्ही. थंडीत कुडकुडत. मी तलावावर बॅचेस करायचो. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. ज्याला जी सोयीची ती. किती जणांना विचारलंत, कधी आंघोळ आवडते म्हणून?

मेट्रन: कोणालाच नाही.

मास्तर: विचारा.

मेट्रन: आणि एकतीस जणांनी एकतीस वेगळ्या वेळा सांगितल्या तर? कोण घालणार?

मास्तर: नाही सांगणार. निम्म्यांना सकाळीच आवडते, जन्मभर तीच सवय. टायपिस्ट तर पाचच्या आधीच उठून बसलेला असतो. पाच-सहा जण दुपारी म्हणतील. दोघं म्हणतील रोज नकोच, एक दिवसाआड द्या. तुमचंच काम कमी होईल.

मेट्रन: तुम्ही गणित करून ठेवलंय.

मास्तर: एकोणीस दिवस दुसरं काम काय होतं?

लेक: मॅडम, तो वरच्या मजल्याचा कागद?

मेट्रन: माझ्याकडेच आहे. गुरुवारी डॉक्टरांना दाखवणार नाही. पण ताई, हे पुढे कसं जाईल याचा शब्द मी देत नाही. माणसं कमीच आहेत, उद्याही कमीच असतील. कधीतरी पुन्हा कोणीतरी पडेल आणि मी पुन्हा ओरडेन.

मास्तर: ओरडा. जाताना टॉवेल टाकून जा म्हणावं माणसावर. दोन सेकंद लागतात. मी मोजले आहेत.

मेट्रन: हे लिहून घेते. खरंच लिहून घेते. मास्तर, मामा आज दुसऱ्या शिफ्टला आहेत. तीन वाजता बाथरूम रिकामं असतं, पाणीही गरम मिळतं, सकाळी शेवटी शेवटी कोमट होतं तसं नाही. पडदा लावायला अर्धा तास. येता?

मास्तर: आज?

मेट्रन: तुमची इच्छा. नको असेल तर उद्या. नको असेल तर परवा विचारीन.

लेक: मामा नको असतील तर मी घालते, बाबा. पाठ तरी चोळून देते.

मास्तर: तू मुळीच नाही. मामाच येऊ दे. त्याचा हात हलका आहे. पाठ चांगली चोळतो, ते मानावं लागेल.

मेट्रन: मग मी पडदे शोधते. आधी मामांशी बोलते, मग पडदे.

लेक: गेल्या. बाबा, तुम्ही मला सांगायचंत. पहिल्याच दिवशी, फोनवर.

मास्तर: फोनवर काय सांगणार? तू काऊंटरवर असतेस. मागून गिऱ्हाईक बोलतं, "थोडं जवळचं दिसत नाही." त्यात मी काय सांगू?

लेक: मी दुकान बंद करून आले असते.

मास्तर: आज आलीस की. माझा साबण संपलाय. टायपिस्टाचा वापरतोय चार दिवस, त्याला माहीत नाही.

लेक: आणते. कोपऱ्यावर दुकान आहे ना? तोच निळा?

मास्तर: निळा नको. आता दुसरा कुठलाही आण. निळ्याचा वास नको वाटतो.

लेक: बरं. दुसरा आणते.

मास्तर: आणि तीन वाजता तू काय करणार?

लेक: थांबते ना. तुमच्याबरोबर दारापर्यंत येते, बाहेर उभी राहते. कोणी आलं तर...

मास्तर: नको. दाराशी कोणी नको. तू इथंच बस, बाकावर. मी आवरून येतो.